सहलीआधी संकेतस्थळ

बीबी गावच्या शाळांना सहलीसाठी लांब जायला नको. उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणारचे विवर त्यांच्याच तालुक्यात आहे.

पण सहलीला आलेली मुले बहुधा काठावर फोटो काढतात, डबा खातात आणि परततात. सहावी ते आठवीच्या मुलांनी निघण्याआधीच सहलीचे छोटे संकेतस्थळ तयार करायला हवे. एका गटाने विवरातल्या सरोवराचे खारे, अल्कधर्मी पाणी हा विषय घ्यावा. जून २०२० मध्ये ते गुलाबी का झाले? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यात मिठात वाढणारे सूक्ष्मजीव सापडले. दुसऱ्या गटाने लोणारचे दैत्यसूदन मंदिर घ्यावे, तिसऱ्याने सरोवराला त्याच वर्षी मिळालेला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा. लिहिताना अडलेले प्रश्न वहीत घेऊनच मुले तिथे पोचतील.

संगणक कमी पडतात, हे खरेच. तरी परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून दाखवले. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. पाने आधी कागदावर आखली, तर एका संगणकावरही काम भागते.

सहलीनंतर चुका दुरुस्त करायला वेळापत्रकात दोन तास मात्र राखून ठेवावेत.