तळहाताचा घाम आणि तंजावरची दप्तरे

मे महिन्याच्या आरंभी तंजावरात अग्निनक्षत्राचे दिवस लागले, म्हणजे बृहदीश्वराच्या प्राकारातील दगडी फरशी दुपारी अनवाणी पायांना सोसवेनाशी होते, आणि बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या वाऱ्यांमुळे हवेत आर्द्रता इतकी साचलेली असते की, अंगावर आलेला घाम उडून जाण्याऐवजी जागच्या जागी निथळत राहतो. वाफ होऊन जाताना शरीरातील उष्णता बाहेर नेणे हे घामाचे कार्य. दमट हवेत ती वाफच मंदावते, त्यामुळे पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यापेक्षा येथे माणूस अधिक भिजतो आणि कमी निवतो. ज्या गावी वर्षाचे कित्येक महिने सर्वांनाच घाम येतो, त्या गावी तो ज्याला व्याधी म्हणून येतो त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि आमची फिर्याद याच दुर्लक्षाविरुद्ध आहे.

मार्गशीर्षातील गार सकाळी, उन्हाचा किंवा श्रमाचा कोणताही संबंध नसताना, ज्यांच्या तळहातांतून पाण्याचे थेंब ओघळतात, अशा माणसांविषयी आम्ही बोलत आहो. असा विद्यार्थी वहीवर हात टेकतो तोच शाई पसरते; असा वीणावादक फणसाच्या लाकडातून कोरलेली, पितळी पडदे मेणात बसवलेली तंजावरची वीणा मांडीवर घेतो, तेव्हा त्याचे बोट तारेवर ठरत नाही आणि तारा इतरांच्या मानाने लवकर गंजतात; सोन्याचा वर्ख फळीवर बसवणाऱ्या चित्रकाराच्या बोटांना वर्ख चिकटून येतो; आणि ज्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार बंधूंनी नृत्यशिक्षणाला व्यवस्थित क्रम लावून दिला, त्या दरबाराच्या गावी नृत्य शिकणारी मुलगी जोडीदारणीचा हात धरण्याची वेळ आली की मनातल्या मनात आक्रसते. तंजावरची कीर्ती ज्या कलांवर उभी आहे त्या जवळजवळ सर्व हाताच्या कला आहेत. तेव्हा हाताच्या या व्याधीचा विचार करण्यास याहून योग्य स्थान सापडणे कठीण.

मनुष्याच्या त्वचेत सुमारे 20 ते 40 लक्ष घर्मग्रंथी असतात, आणि त्यांची सर्वांत अधिक दाटी तळहातांवर व तळपायांवर असते. अंगाच्या इतर भागांतील ग्रंथी मुख्यतः उष्णतेच्या आज्ञेने वागतात, तर तळहात-तळपायांच्या ग्रंथींवर भावनेचा अंमल अधिक चालतो. अतिस्वेदाचा ज्यांना उपद्रव आहे त्यांच्या ग्रंथी आकाराने किंवा संख्येने निराळ्या नसतात. मेंदूकडून अनुकंपी मज्जातंतूंच्या वाटे त्यांना जे हुकूम सुटतात, तेच कारणावाचून आणि प्रमाणाबाहेर सुटतात. उपद्रव बहुधा बाल्यात किंवा ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर सुरू होतो, दोन्ही बाजूंना सारखा असतो, पुष्कळदा घराण्यातील आणखी कोणाला तरी असतो, आणि विशेष ध्यानात घेण्याजोगे म्हणजे झोप लागली की थांबतो.

असे असता घरोघरी या मुलांना जे ऐकावे लागते ते असे की, ‘तू उगाच घाबरतोस, मन घट्ट कर, सारे बरे होईल.’ येथे कार्यकारणाचा क्रमच उलटा लावला जातो. घाम येईल या धास्तीने मनुष्य अस्वस्थ होतो, त्या अस्वस्थतेने घाम आणखी वाढतो, हे खरे; परंतु आरंभ मज्जातंतूंच्या अतिरेकात असतो, स्वभावाच्या दौर्बल्यात नव्हे. ज्याला वर्षानुवर्षे भित्रा म्हटले गेले त्याला अखेर आपण भित्रेच आहो असे वाटू लागते, आणि तो वैद्याकडे जावयाचा तो जातच नाही. अमेरिकेत 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत लोकसंख्येच्या 2.8 टक्के लोकांना हा उपद्रव असल्याचे आढळले, आणि त्यांपैकी बहुसंख्यांनी वैद्याजवळ तो शब्दानेही काढला नव्हता. आपल्याकडील संकोच त्यांच्याहून कमी असेल असे मानण्यास आम्हांला आधार दिसत नाही.

वस्तुतः ही तक्रार आपल्या वैद्यकशास्त्राला अपरिचित नव्हती. चरकाने स्वेदवह स्रोतसांचे मूळ मेद आणि रोमकूप यांत सांगितले, आणि ती स्रोतसे दूषित झाल्याची जी लक्षणे दिली त्यांत घाम मुळीच न येणे आणि अतिशय येणे ही दोन्ही मोजली. तंजावरपुरते बोलावयाचे तर दुसरे सरफोजीराजे यांचे उदाहरण समोर ठेवल्यावाचून पुढे जाता येत नाही. 1798 ते 1832 या कारकिर्दीत राज्याचा खरा अधिकार कंपनी सरकारने किल्ल्याच्या भिंतींपुरता आकसून टाकला असताही या मराठी राजाने धन्वंतरी महाल चालवला, आयुर्वेद, सिद्ध, युनानी व पाश्चात्त्य अशा भिन्न परंपरांचे जाणकार एकत्र बसवून औषधांची पारख करविली, अनुभवास उतरलेले उपचार ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने तमिळ पद्यात ग्रथित करविले, आणि नेत्ररुग्णांच्या कैफियती डोळ्यांच्या चित्रांसह लिहवून ठेवल्या, ज्या आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. रोग्याने काय सांगितले, काय दिसले, काय दिले आणि पुढे काय झाले, इतके चार तपशील कागदावर उतरवणे हीच वैद्यकाची पहिली शिस्त होय, आणि ती तंजावरने दोनशे वर्षांपूर्वी पाळली. घामाच्या तक्रारीला आज दवाखान्यात गेल्यावर तेवढीही नोंद बहुधा मिळत नाही. ‘येथील हवाच तशी’ एवढ्या उत्तरावर तिची बोळवण होते.

नोंद आवश्यक आहे याचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे. प्रत्येक अतिस्वेद निरुपद्रवी नसतो. प्रौढ वयात नव्याने सुरू झालेला, सर्वांगाला येणारा, किंवा रात्री झोपेत अंथरूण भिजवणारा घाम हा दुसऱ्या एखाद्या रोगाचा निरोप असू शकतो: क्षय, थायरॉइड ग्रंथीचा अतिरेक, रसग्रंथींचा कर्करोग, मधुमेहावरील औषधाने रक्तातील साखर एकाएकी उतरणे, किंवा नैराश्यावरील काही औषधे. रजोनिवृत्तीच्या काळातही घामाचे लोट येतात. छातीत दडपण येऊन थंड घाम फुटला तर घटकाभरही वाट न पाहता इस्पितळ गाठावे. ताप, घटते वजन आणि रात्रीचा घाम ही तिन्ही एकत्र दिसत असता केवळ पावडर लावून बसणे हा जिवाशी खेळ आहे.

मूळ व्याधीच्या इलाजाविषयी मात्र निराश होण्याचे कारण नाही, फक्त पायरी चुकता कामा नये. पहिली पायरी ॲल्युमिनियम क्लोराइडच्या द्रावणाची. ते रात्री निजताना, हात पूर्ण कोरडे करून लावावयाचे आणि सकाळी धुऊन टाकावयाचे. कारण रात्री घाम मंदावलेला असतो आणि ते क्षार घर्मनलिकांच्या तोंडाशी बसून त्यांना बुजवतात. ओल्या त्वचेवर लावल्यास आग होते, आणि ‘मला सोसले नाही’ म्हणून औषध सोडून देणारे पुष्कळजण इतकीच चूक करीत असतात. काखेला हे बहुधा पुरते. तळहाताची कातडी जाड, तेथे ते अपुरे पडते.

तळहात-तळपायांसाठी दुसरा उपाय म्हणजे आयन्टोफोरेसिस. उथळ तबकांतील साध्या नळाच्या पाण्यात हात ठेवून त्यातून 15 ते 20 मिलिअँपिअरचा सौम्य विद्युत्प्रवाह वीस-तीस मिनिटे सोडतात. आरंभी आठवड्यातून तीनदा, आणि गुण आल्यावर बहुधा आठवड्यातून एकदा. गर्भवती स्त्रीने, हृदयाला पेसमेकर असलेल्याने किंवा अंगात धातूची पट्टी बसवलेल्याने तो घेऊ नये, आणि घरच्या विजेवर स्वतःच उपकरण जुळवण्याचा उद्योग तर कोणीच करू नये. परंतु वैद्याच्या देखरेखीखाली हा उपाय इतका साधा, स्वस्त आणि पुनःपुन्हा घेता येण्याजोगा आहे की, प्रत्येक जिल्हा इस्पितळाच्या त्वचाविभागात तो असावा असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे.

पुढच्या पायऱ्या चढताना तंजावरच्या हवेचा आणि रोग्याच्या व्यवसायाचा विचार करणे अगत्याचे ठरते. बोट्युलिनमची इंजेक्शने काही महिने उत्तम गुण देतात, परंतु ती महाग आहेत, तळहातावर फार दुखतात आणि काही काळ पकड थोडी सैल करतात. वादकाला ही किंमत बारकाईने समजावून सांगितली पाहिजे. ग्लायकोपायरोलेट किंवा ऑक्सिब्युटिनिन यांच्या गोळ्या सर्वांगाचाच घाम कमी करतात, म्हणजे ऐन अग्निनक्षत्रात शरीराची निवण्याची सोयच आखडून टाकतात. तोंड कोरडे पडणे, मलावरोध, लघवी अडणे हे उपद्रव निराळे. शेतात किंवा भट्टीजवळ काम करणाऱ्याला त्या देताना डॉक्टरांनी दहा वेळा विचार करावा.

आणि शस्त्रक्रियेविषयी तर आम्ही स्पष्टच सांगतो. छातीतील अनुकंपी मज्जातंतू छेदला की हात त्याच दिवशी कोरडे होतात, हे सत्य आहे. परंतु त्यानंतर पुष्कळांना पाठ, पोट व मांड्या यांवर पूर्वी कधी नव्हता इतका घाम सुटतो, आणि छेदलेला तंतू पूर्ववत करण्याचा भरवशाचा मार्ग नाही. कोरड्या, थंड देशात हा सौदा कोणाला परवडत असेल. ज्या गावी वर्षातील बहुतेक महिने सदरा अंगाला चिकटलेलाच असतो, तेथे वीस वर्षांच्या मुलाने इतर सर्व उपाय नेटाने करून पाहिल्यावाचून ती शस्त्रक्रिया करवू नये.

वैद्यकाच्या बाहेरही काही तजवीज व्हावयास हवी, आणि तिला खर्च जवळजवळ नाही. शालान्त परीक्षेत किंवा प्रवेशपरीक्षेच्या ओएमआर पत्रिकेवर ज्याचा हात कागद भिजवतो, त्याला हाताखाली ठेवण्यास टिपकागद किंवा सुती फडके पर्यवेक्षकाशी हुज्जत न घालता नेता यावे, आणि फाटलेल्या पानाच्या बदल्यात नवे मिळावे. असा लेखी नियम तमिळनाडूच्या आणि महाराष्ट्राच्या परीक्षामंडळांनी परीक्षाकेंद्रांना कळवावा. शिधावाटपाच्या दुकानात आता बोटांच्या ठशांवरून ओळख पटवली जाते; ओलसर बोटाचा ठसा यंत्राला नीट वाचता येत नाही, आणि रांगेतील लोकांदेखत पुनःपुन्हा बोट पुसून दाबावे लागते. अशा कार्डधारकाच्या नावापुढे कायमची नोंद करून, डोळ्याच्या बुबुळावरून किंवा मोबाइलवर येणाऱ्या क्रमांकावरून ओळख पटवण्याची मुभा त्याला पहिल्याच खेपेस द्यावी, आणि ती मागण्यासाठी दर महिन्याला दुकानदाराची मनधरणी करण्याची पाळी त्याच्यावर येऊ देऊ नये.