अभ्यासाला कुठली पटकथा घ्यायची?

मैत्रिणींनो, आमच्या लेखनगटात सध्या एकच वाद रंगला आहे. चातुर्मासात दर बुधवारी दुपारी बसून एक पटकथा अभ्यासायची, इथवर सगळ्यांचं जमलं. कुठली, यावर गाडी अडली आहे. बहुतेकींचा कौल ‘शिप ऑफ थिसियस’ला आहे, माझा ‘द लंचबॉक्स’ला. माझं म्हणणं इथे जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्यापैकीही काहीजणी असे गट चालवता.

दोन्ही चित्रपट २०१३ साली आपल्याकडे लागले. ‘शिप ऑफ थिसियस’ला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात तीन गोष्टी आहेत आणि मधली मैत्रेय नावाच्या साधूंची आहे. प्राण्यांवर होणाऱ्या चाचण्यांविरुद्ध ते कोर्टात लढत असतात. त्यांना यकृताचा आजार होतो आणि प्राण्यांवर चाचणी केलेली औषधं ते घेत नाहीत. धर्माचं नाव घेतलेलं नाही, पण आपल्या घरातल्या लहान मुलालाही कळेल. म्हणूनच बायकांना तो हवा आहे. ‘आपला विषय आहे’ म्हणतात.

आणि नेमकी तिथेच माझी अडचण आहे. आपला विषय समोर आला की आपण दृश्य कसं बांधलंय हे बघणारच नाही. साधूंनी औषध घ्यायला हवं होतं की नको, सल्लेखना म्हणजे काय, यावर दोन तास बोलू. त्यातल्या एक काकू पाठशाळेत शिकवतात, त्या समजावतील, बाकीच्या ऐकतील. छान होईल ते, पण त्याला स्वाध्याय म्हणतात. तो आपण मंदिरात करतोच. आमच्या गटाचा रोग आधीच हा आहे की कुणाचीही कथा तिसऱ्या पानावर प्रवचन होते. सून दुखावते, सासू दुखावते, मग कुणीतरी क्षमेचं महत्त्व सांगतं आणि कथा संपते. त्या दुखण्याकडे बघायचं राहूनच जातं.

‘द लंचबॉक्स’ रितेश बत्रा यांनी लिहिला आणि दिग्दर्शित केला. मुंबईच्या डबेवाल्यांवर माहितीपट करायचं त्यांच्या मनात होतं, त्यातून ही गोष्ट निघाली. इलाने नवऱ्यासाठी पाठवलेला डबा चुकून निवृत्तीला आलेल्या साजन फर्नांडिसकडे जातो आणि डब्यातून चिठ्ठ्या सुरू होतात. त्यांची पहिली चिठ्ठी काय, तर जेवण खारट होतं! एवढा रिकामा आलेला डबा बघून खूश झालेल्या बाईला ही पावती. दुसऱ्या दिवशी ती मिरच्या ओतते. पाच ओळींचं प्रेमपत्र लिहून जे झालं नसतं ते मीठ आणि मिरचीने होतं. आपण तीस-तीस वर्षं डबे भरतो आणि लिहायला बसलो की म्हणतो, आमच्या आयुष्यात लिहिण्यासारखं आहे काय.

वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी तर अख्ख्या चित्रपटात एकदाही दिसत नाहीत. खिडकीतून नुसता भारती आचरेकरांचा आवाज येतो आणि दोरीला बांधलेली टोपली खाली येते. त्यांचे यजमान वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेले, छताच्या पंख्याकडे बघत पडलेले, म्हणून पंखा बंद करायचा नाही. तेवढ्यावरून ते घर आपल्याला दिसतं. आमच्यातली एखादी आधी दोन पानं खोलीचं वर्णन करेल. (मीसुद्धा त्यातलीच.)

नवऱ्याचं दुसरीकडे काही चालू आहे हे इलाला कळतं तेव्हा तिला कुणी सांगत नाही. ती धुवायच्या शर्टाचा वास घेते. बस. हिंदी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद ही तीन नावं वेगळी का येतात, हे मला कित्येक वर्षं कळत नव्हतं. या दृश्यात संवाद नाही, पण पटकथा पूर्ण आहे.

पण माझा सगळा हट्ट खरं तर एका दृश्यासाठी आहे. इलाचे वडील कर्करोगाने जातात. माहेरी माणसं जमली आहेत आणि आई म्हणते, मला भूक लागली आहे. नवऱ्याचा नाश्ता, त्याची औषधं, त्याची आंघोळ, या रोजच्याचा तिला वीट आला होता, हेही ती बोलते. आपल्याकडे सुतकात बसलेली कुठली बाई हे बोलेल? पण आमच्या गटात तिघींनी अंथरुणावरच्या माणसाचं वर्षानुवर्षं केलं आहे आणि त्यातल्या एकीनेही त्यावर ओळ लिहिलेली नाही. लिहिलं तर सेवेचं पुण्य लिहितात. ते दृश्य ऐकून एक बाई जरी घरी जाऊन खरं लिहायला बसली, तरी चार महिने वसूल.

आक्षेप आले आहेत. विवाहित बाई परपुरुषाला चिठ्ठ्या लिहिते, घरी सासूबाई बघतील, आणि चित्रपटात मांसाहारही आहे. पहिल्यावर मी एवढंच म्हणेन की लेखकाने इलाला बरोबर ठरवलेलं नाही, शेवटही उघडा ठेवला आहे. तिचं चुकलं वाटत असेल तर कुठल्या दृश्यात, ते दाखवा. तो वाद मला हवाच आहे, कारण त्यासाठी दृश्य पुन्हा बघावं लागतं. दुसऱ्याबद्दल, ताट आपल्यापुढे येत नाही. ज्यांना ते बघवणार नाही त्यांनी तेवढा वेळ मान खाली घालून नुसतं ऐकावं. पटकथेसाठी तेही चालतं.

छापील पुस्तक हवंच असं नाही. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, असा हिशोब धरतात. पहिली दहा मिनिटं थांबवत थांबवत बघायची आणि आपणच लिहून काढायची: जागा, वेळ, कोण काय करतं, कोण काय बोलतं. मनात काय चाललंय ते लिहायचं नाही, कारण कॅमेऱ्याला ते दिसत नाही. पहिल्या बुधवारी तेवढंच. दुपारी तीनला सुरू केलं तर पाचला सुटू, सूर्यास्ताआधी जेवणाऱ्यांचीही सोय होईल.

मतदान रविवारी आहे. ‘शिप’ निवडून आलं तरी मी जाणार आहे, पण साधूंच्या गोष्टीऐवजी छायाचित्रकार मुलीच्या गोष्टीपासून सुरुवात करा, असं सुचवणार आहे.