मंद आचेवरची 45 मिनिटं

ओव्हनशिवाय केक होतो, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. कृती हव्या तितक्या मिळतात. पण त्यात जी एक ओळ असायला हवी ती मला सहसा दिसत नाही. मीही ती सांगितली नव्हती, म्हणून आजचा हा लेख.

माझी ताई नाकाडोंगरीला असते. तुमसर तालुका, मध्य प्रदेशची सीमा जवळच. मागच्या महिन्यात भाचीचा फोन आला, "मामाजी, घरी केक कसा करतेत जी?" मी पडलो इंजिनीअर, त्यात रविवार. पाऊण तास बोललो.

पहिला केक फसला. चौकशी केली तर बाईसाहेबांनी मैद्याऐवजी तांदळाचं पीठ घेतलं होतं! धानाचा जिल्हा, घरात तांदूळ पोत्याने, तिचं तरी काय चुकलं? पण मैद्यातलं ग्लुटेन जाळं विणतं आणि वायू त्यात अडकतो. तांदळात ग्लुटेन नाही, त्यामुळे सगळा भुगा. शिवाय बेकिंग पावडर नव्हती म्हणून तिने खायचा सोडा टाकला होता. तेही चालतं, पण सोबत दही किंवा लिंबू हवं. सोड्याला आंबट भेटलं की नीट वायू सुटतो. नुसता सोडा टाकला तर केक साबणासारखा लागतो.

कुकर मात्र मी आधीच नको म्हटलं होतं. पाणी असताना कुकरच्या आत साधारण 120 अंश तापमान असतं, केकला 180 च्या आसपास लागतं. म्हणजे कुकर कोरडा तापवायचा, आणि तो त्यासाठी बनवलेलाच नाही. एखाद्याने रबर आणि शिटी काढली नाही तर आणखी भानगड. त्यापेक्षा जाड बुडाचा जुना गंज घ्या, तळाला मिठाचा थर, वर कडं, त्यावर केकचं भांडं आणि झाकण. एवढं सांगून मी शेवटी बजावलं, "मंद आच ठेव आणि 45 मिनिटं झाकण उघडू नको."

पोरीने अक्षरशः पाळलं. शेगडी एकदम बारीक केली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. स्वयंपाकघरात टेबलफॅन सुरू. त्या वाऱ्याने ज्योत कधी विझली, कळलंच नाही. आपल्या बहुतेक घरगुती शेगड्यांना ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करायची सोय नसते. ताई शेतातून आली ती वास घेतच. तिने रेग्युलेटर बंद केला, मागचं दार उघडलं... आणि सवयीने फॅनचं बटणही बंद केलं. काही झालं नाही. फोनवर ते ऐकून माझ्या मात्र पोटात गोळा आला. बटण चालू करताना ठिणगी पडते तशी बंद करतानाही पडू शकते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. अशा वेळी कुठल्याच बटणाला हात लावायचा नाही, दार उघडून सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि बाहेरून 1906 ला फोन करायचा.

आता सांगा, चूक कोणाची? माझीच. ग्लुटेनवर मी पाच मिनिटं बोललो आणि शेगडीपाशी बस हे सांगितलं नाही. आजी पानगे भाजायची तेव्हा गौऱ्यांच्या आरापासून हलायची नाही. भाजणं आपल्याकडे काही नवं नाही, पण आरापाशी बसायची ती रीत आम्ही गॅस आल्यावर सोडून दिली. नवशिक्यांना चव आणि फुगणं नंतर शिकवा. पंखा बंद, ओढणी खोचलेली, गंज उचलायला कोरडं फडकं (ओल्यातून चटका लगेच बसतो), आणि भाजलंच तर 20 मिनिटं नळाखाली हात, टूथपेस्ट नाही, हे आधी.

असो. भाची आता स्टूल टाकून शेगडीजवळ पुस्तक वाचत बसते. परवाचा केक खालून जरा करपला, पण फुगला. भाऊजींनी दोन तुकडे खाल्ले म्हणे.