माऊस रुसला, रिस्टार्ट कशाला?

जोगेश्वरीला लोकल पकडताना तुम्ही लॅपटॉप नुसता मिटता आणि बॅगेत कोंबता. कॉलेजात उघडलात की स्क्रीन हजर, कीबोर्ड चालू, पण टचपॅडवर कितीही बोट घासा, बाण ढिम्म हलत नाही. उबंटू वापरणाऱ्यांना हे नवं नाही. मग काय, पॉवरचं बटण दाबून धरायचं! सेव्ह न केलेला प्रोजेक्टही गेला.

ही सवय सोडा बुवा. सस्पेंडमध्ये रॅमला वीज मिळत राहते, बाकी बहुतेक यंत्रणा झोपते. जाग येताना टचपॅड आणि त्याचा ड्रायव्हर यांचं जमलं नाही, की बाण अडकतो. बिघाड तेवढाच, त्यासाठी अख्खं मशीन का पाडायचं? कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकदम दाबा, टर्मिनल उघडेल. 'सुडो मॉडप्रोब'ला 'वजा आर' जोडून 'पीएसमाउस' हा ड्रायव्हर उतरवा, मग 'वजा आर' गाळून तोच परत चढवा. (टाइप अर्थात इंग्रजीत!) नव्या लॅपटॉपांत टचपॅड बऱ्याचदा आयटूसीवर असतो, तिथे ड्रायव्हर वेगळा, 'एलएसमॉड' टाकलं की चढवलेल्यांची यादी दिसते.

'हे आम्हाला कोण शिकवणार?' ही सबब जोगेश्वरीकरांनी तरी सांगू नये. आपल्या विक्रोळी लिंक रोडवरच आयआयटी आहे, आणि तिथल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही आहेत, तेही फुकट. रोजच बाण अडकत असेल तर त्या दोन ओळींची स्क्रिप्ट सिस्टिमडीच्या 'सिस्टिम-स्लीप' फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला चालवायची परवानगी द्या. जाग आली की ती आपोआप चालेल.