कागदाची बेगमी

श्रावण लागला की आपल्याकडील बहुतेक घरांत माळ्यावरची एक पेटी खाली उतरते. तीत गतवर्षीच्या मखराच्या कमानी असतात, पताकांची दोरी असते, आकाशकंदिलाच्या कामट्या व झिरमिळ्या असतात, अर्धवट वापरलेले घोटीव कागद असतात, आणि कोणी केव्हा आणले हे कोणासच आठवत नाही असे पतंगी कागदांचे एक भेंडोळे असते. पेटी उघडावी तो कोंदट वास येतो. रंग विटलेले, कडांना कसर लागलेली. मग नवे कागद आणविले जातात, सण यथासांग पार पडतो, आणि उरलेसुरले सारे पुनः त्याच पेटीत जाऊन पडते. ज्या घरात डाळी, पापड, लोणची यांची बेगमी वर्षानुवर्षे चोख राहते, त्याच घरात कागदाची ही दशा का व्हावी? आमच्या मते याचे कारण एकच आहे. धान्य आपण खाण्याकरिता साठवितो. कागद मात्र नुसता ठेवून देतो.

हा विषय आज घेण्यास निमित्त झाले ते कात्रजहून आलेल्या एका भगिनीच्या पत्राचे. त्यांच्या सासूबाई गेल्या वैशाखात निवर्तल्या. नात्यातील कोणत्याही मुलीचे लग्न निघाले की रुखवतातील कागदी काम सासूबाईंकडे, असा त्या घराचा परिपाठ होता. त्यांच्या मागे एक लोखंडी ट्रंक राहिली आहे. तीत तावांच्या सुरळ्या, कातरकामाचे खाके, जुन्या लग्नपत्रिका, डिंकाच्या बाटल्या आणि तीन कात्र्या आहेत. सदनिका लहान, पावसाच्या पहिल्याच आठवड्यात वरच्या तावांवर बुरशीचे ठिपके उमटले. यजमान म्हणतात की रद्दीत घालावे. या भगिनीस ते करवत नाही, आणि ठेवावे म्हटले तर ठेवावे कसे हे उमगत नाही. प्रश्न एकट्या त्यांचा नसल्यामुळे उत्तर येथेच देतो.

प्रथम जागेचा विचार करू. कात्रज हे घाटाच्या पायथ्याचे, तलावाकाठचे ठिकाण. तेथे पावसाळ्यात हवा दमट राहावी यात नवल नाही. आर्द्रता शंभरात पासष्टांच्या वर दीर्घकाळ टिकली आणि हवा खेळती नसली की कागदावर बुरशी धरू लागते. या दोहोंपैकी आर्द्रता आपल्या हाती फारशी नाही. हवा खेळती ठेवणे मात्र आहे. याच कात्रजच्या तलावाचे पाणी नानासाहेब पेशव्यांच्या काळी, म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यास, बंदिस्त नळाने पुण्याच्या पेठांतील हौदांपर्यंत नेण्यात आले, आणि त्या नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधण्यात आले, की आत कोंडलेल्या हवेस वाट मिळावी. ज्यांनी जमिनीखालच्या पाण्यासदेखील श्वासाची सोय केली, त्यांच्या शेजारी राहून आपण कागद मात्र घट्ट झाकणाच्या ट्रंकेत कोंडून ठेवतो!

यास्तव पहिली गोष्ट ही की, ट्रंक जमिनीवर व बाहेरच्या भिंतीस लागून नसावी. बाहेरची भिंत पावसात गार पडते आणि लोखंडास आतून घाम सुटतो. लाकडी फळ्यांचे कपाट, भिंतीपासून चार बोटे पुढे ओढलेले, आतल्या खोलीत असल्यास उत्तम. गच्चीच्या लगतचा माळा वर्ज्य. तेथे उन्हाळ्यात भट्टी आणि पावसाळ्यात गळती. बुरशी लागलेले ताव आधी वेगळे काढावे, नाकास फडके बांधून उघड्या जागी मऊ कुंचल्याने झटकावे, आणि सावलीत वाऱ्यावर सुकवावे. रंगीत कागद कडक उन्हात घातला तर बुरशी जाईल, पण तिच्यासोबत रंगही जाईल.

दुसरी गोष्ट वर्गवारीची. कागदकामाचे सामान म्हणजे एकच एक ढीग, अशी समजूत असते. वस्तुतः त्यात तीन जातींचा माल असतो आणि तिन्हींची निगा निराळी.

एक जात अखंड तावांची. ताव सुरळी करून ठेवण्याची चाल आपल्याकडे सार्वत्रिक आहे, परंतु वर्षभर सुरळीत राहिलेला कागद पुढे सपाट होण्यास नाखूष असतो आणि कापताना कात्रीस दगा देतो. चित्रकलेचा पूर्ण ताव २२ इंच रुंद व ३० इंच लांब असतो. दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये असे दोन दस्ते, म्हणजे ४८ ताव, सहज मावतात, आणि तो गठ्ठा पलंगाखाली फळीवर आडवा सरकतो. सपाट ठेवलेल्या कागदास जागा लागत नाही, शिस्त लागते. तावांच्या मध्ये वर्तमानपत्र मात्र घालू नये. ते लाकडाच्या लगद्याचे असते, त्यातील आम्ल शेजारच्या कागदास लागते आणि तो पिवळा पडतो. मध्ये घालावयाचेच तर जुन्या सुती साडीचे धुतलेले फडके घालावे.

दुसरी जात तुकड्यांची. वितीहून मोठा तुकडा तेवढा ठेवावा. त्याहून लहान तुकडे मुलांच्या स्वाधीन करावे. रंगवार लखोटे करून ते पुस्तकांप्रमाणे उभे लावले म्हणजे हवा तो रंग एका दृष्टीत सापडतो. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद फुलांच्या देठांस व पेट्यांच्या तळांस फार उपयोगी. तेवढा भाग कापून घ्यावा, पत्रिका साठवू नये. टाचण्या गंजतात, रबरी कडी चिकटून बसतात, चिकटपट्टीचा डिंक कालांतराने पाझरून पिवळा डाग पाडतो; तिन्हींस कागदाजवळ थारा देऊ नये. खळ घरी केल्यास लागेल तेवढीच करावी. कसर व झुरळे कागदापेक्षा खळीच्या आशेनेच येतात. बांधणीचे कारागीर खळीत मोरचूद घालतात, पण ते विष आहे; मुलांच्या घरात ते नको. वेखंडाचे तुकडे फडक्याच्या पुरचुंडीत बांधून खणाच्या कोपऱ्यात ठेवावे, ही आपली जुनी रीत पुरेशी आहे.

तिसरी जात खाक्यांची, आणि खरी संपत्ती हीच. ताव बोहरी आळीत आज गेले तर आज मिळतील. सुती चिंध्यांपासून केलेला टिकाऊ हातकागद हवा असेल तर पुण्यास त्याची परंपरा आहे: कसबा पेठेतील कागदीपुरा हे नाव कागद करणाऱ्यांच्या वस्तीवरून पडले, आणि शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० साली स्थापन झाली. परंतु सासूबाईंच्या हातची कमळाची पाकळी, मोराच्या पिसाऱ्याची घडी, कोणत्या घडीवर किती कातर द्यावी याचे त्यांनी पेन्सिलीने केलेले खुणांचे टिंब, हे कोणत्याही दुकानी मिळावयाचे नाही. तरीही ट्रंकेत तेच तळाशी, चुरगळलेले, आणि विकत मिळणारा माल वर जपून ठेवलेला, अशी उलटी व्यवस्था बहुधा आढळते.

खाके कसे राखावे हे पुण्याने फार पूर्वी ठरविले आहे. पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधलेले असतात. रुमाल म्हणजे सुती कापडाचा चौकोन. तो धूळ अडवितो, हवा अडवीत नाही, आणि गाठ सोडली की सारे कागद समोर उलगडतात. जुने लेखकु पोथीच्या अखेरीस पोथीच्याच मुखाने विनवणी लिहीत, की मला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून राखा. त्यांना ठाऊक होते की ढिल्या गठ्ठ्यात कागद हलतो, कडा दुमडतात आणि तेथूनच तो फाटतो. म्हणून खाके आकाराप्रमाणे लावून, दोन पुठ्ठ्यांत घालून, सुती रुमालात बेताने आवळून बांधावे. प्रत्येकाच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने तीन गोष्टी लिहाव्या: कशाचा खाका, कोणाच्या हातचा, कोणत्या कार्यासाठी केला. शाई फुटते, पेन्सिल टिकते. ही माहिती सांगू शकणारी एखादी आत्या वा मावशी हयात असेल तर हे काम उद्यावर टाकू नये. कागदाहून आधी आठवण झिजते.

पण रुमाल बांधून काम संपले असे कोणी समजू नये. पेशवे दप्तर कित्येक दशके बांधलेलेच होते. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या देखरेखीखाली ते रुमाल सोडून निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ भागांत छापले गेले, तेव्हा कोठे त्यांचा लाभ अभ्यासकांस घरबसल्या होऊ लागला. घरच्या दप्तरासही हाच न्याय लागू आहे. मूळ खाका जपावा, परंतु त्याची नक्कल जाड कागदावर उतरवून ती रोजच्या खणात ठेवावी, की नातीने ती घ्यावी, घडी चुकवावी, कागद वाया घालवावा आणि पुनः करावी. अजून चांगल्या स्थितीत असलेले सासूबाईंचे तावही याच कामी खर्चावे. आठवण म्हणून ते आणखी वीस वर्षे ठेवले तर रंग उडेल, कस जाईल आणि शेवटी ते रद्दीतच जातील. यजमानांचे म्हणणे उशिरा खरे ठरेल एवढेच. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलींसाठी कागद कापला, तिचा कागद न कापता ठेवणे हा तिचा मान नव्हे.

खण कोठे असावा, याविषयी एक सूचना. खाक्यांचा रुमाल वरच्या फळीवर असू द्या. पण तुकड्यांचे लखोटे, नकला आणि बोथट टोकाची एक कात्री मुलांच्या हातास पोहोचेल इतक्या खाली ठेवा. प्रत्येक वेळी आईस हाक मारून जे मागावे लागते, ते मूल फार दिवस मागत नाही.

आता या साऱ्याचा एक दिवस ठरवून टाकावा. आमच्या मते खंडेनवमीइतका योग्य दिवस नाही. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा होते, आणि घरातील कात्री हे हत्यारच आहे. एव्हाना पाऊस ओसरलेला असतो आणि दिवाळीच्या आकाशकंदिलास अवधी असतो. त्या दिवशी पुठ्ठे उघडावे, ताव सावलीत वाऱ्यास लावावे, वेखंड बदलावे, कात्र्यांस धार लावून तेल द्यावे आणि कागदास लागू नये म्हणून ते लगेच पुसून काढावे. काय उरले ते मोजून एका चिठ्ठीवर लिहावे आणि चिठ्ठी खणाच्या आत डकवावी. गेल्या खंडेनवमीस जितके ताव होते तितकेच यंदा निघाले, तर त्या घराने नवे कागद घेऊ नयेत. आधी मुलांस बोलावून आहेत त्यांचा कंदील करावयास बसावे.