सदाचार पुरेसा का नाही?

ख्रिस्ती मनुष्य पापापासून दूर का राहतो? या प्रश्नाला दोन उत्तरे मिळतात. सामान्य भाविक अंतिम न्यायाकडे आणि नरकाकडे बोट दाखवतो. धर्मशास्त्राचा अभ्यासक म्हणतो, भय नव्हे, कृतज्ञता. येशूने आमच्या पापांसाठी प्राण दिले, म्हणून आम्ही त्याला शोभेसे जगतो. हे दुसरे उत्तर निःसंशय उदात्त आहे. त्या बळावर आयुष्यभर रुग्णसेवा करणारी माणसे आपण पाहिली आहेत. त्यांच्या शीलाविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती सिद्धांताविषयी.

तारण श्रद्धेने की कर्माने, हा वाद ख्रिस्ती जगालाच शतकानुशतके सुटला नाही. मनुष्य स्वप्रयत्नाने निष्पाप राहू शकतो, असे मानणाऱ्या पेलाजियसला इ. स. ४१८ मध्ये पाखंडी ठरवले गेले. पापदंडाच्या माफीची पत्रे विकली जाऊ लागली, तेव्हा १५१७ मध्ये मार्टिन लूथर विरोधात उभा राहिला. पण त्याच्याही मते तारण केवळ श्रद्धेनेच! ट्रेंटच्या परिषदेने (१५४५-१५६३) ते नाकारले. कॅथलिक आणि लूथरपंथीयांचे समेटाचे संयुक्त निवेदन निघण्यास १९९९ साल उजाडावे लागले.

या सिद्धांताची खरी कसोटी भारतात लागली. १८२० मध्ये राजा राममोहन रॉय यांनी चमत्कार वगळून येशूचा नीत्युपदेश तेवढा पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. एका हिंदूने दाखवलेल्या या आदराचे स्वागत व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात श्रीरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन यांनी त्यावर हल्ला चढवला. येशूच्या बलिदानावरील श्रद्धेवाचून नुसता नीत्युपदेश तारू शकत नाही, हा त्यांचा आक्षेप. म्हणजे येशूने सांगितले तसे वागणे पुरेसे नाही. त्याला एकमेव तारक मानलेच पाहिजे!

यावर कोणी म्हणेल, काळ बदलला. ज्याला स्वतःचा दोष नसताना ख्रिस्त ज्ञात झाला नाही, पण जो सदसद्विवेकबुद्धीला अनुसरून देवाचा शोध घेतो, त्यालाही तारण मिळू शकते, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये मान्य केले. मग नोव्हेंबर १९९९ मध्ये, ऐन दिवाळीच्या दिवसांत दिल्लीत येऊन पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिसऱ्या सहस्रकात आशियात श्रद्धेचे पीक काढण्याची भाषा का केली? २००० मध्ये व्हॅटिकनच्या ‘दॉमिनुस येसुस’ने अन्य धर्मीयांची स्थिती गंभीर उणिवेची का ठरवली?

पापपुण्याचा हिशेब मांडणारे आमच्यातही पुष्कळ आहेत; कर्मफलाचे भय हिंदूलाही सुटलेले नाही. परंतु गीतेने त्याला त्या पायरीवर थांबू दिले नाही. फलाची आसक्ती सोडून कर्तव्य करावे, हा तिचा आदेश. लोकमान्यांनी १९१५ मध्ये ‘गीतारहस्या’तून नेमका हाच कर्मयोग समाजापुढे ठेवला. येथे कोणाचे नाव घेता, यावर सत्कर्माचे मोल ठरत नाही. सज्जन ख्रिस्ती मनुष्य आम्हाला सज्जनच वाटतो; त्याच्यात आम्हाला उणीव दिसत नाही.

हीच दृष्टी सज्जन हिंदूविषयी ठेवण्यास चर्च सिद्ध आहे काय? सिद्ध असेल, तर धर्मांतराचे प्रयोजन उरत नाही. नसेल, तर हा खटाटोप नीतीसाठी नसून संख्येसाठी आहे, असे समाजाने मानल्यास दोष कोणाचा?