मैदानाभोवती उभी असलेली माणसे

पावसाळा सरून धान पिवळे पडू लागले की चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांतील महाविद्यालयांमध्ये आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची गडबड सुरू होते. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल यांच्या बरोबरीने फुटबॉलचेही संघ निवडले जातात. या सामन्यांची बातमी वृत्तपत्रांत आली तर दोन ओळींची येते : अमक्या महाविद्यालयाने तमक्याचा इतक्या गोलांनी पराभव केला. मैदानाभोवती कोण उभे होते, कोण येऊ शकले नाही, आले ते कसे आले आणि कसे परतले, याची नोंद कोणी घेत नाही. समाजवादी साप्ताहिकाने अग्रलेखाची जागा फुटबॉलला द्यावी, हे काही साथींना चमत्कारिक वाटेल. वनहक्क, बेरोजगारी, विस्थापन हे प्रश्न टाकून चेंडूमागे धावण्याचे हे काय खूळ, असेही कोणी विचारील. आमचे म्हणणे एवढेच, की मैदानाभोवती उभी असलेली आणि तेथवर पोहोचू न शकलेली माणसे तीच आहेत, ज्यांच्या नावाने आपण ते सारे प्रश्न मांडतो.

सार्वजनिक विद्यापीठांतील खेळांची उतरंड आधी समजून घेतली पाहिजे. महाविद्यालयाचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरतो. तेथील खेळ पाहून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो संघ भारतीय विद्यापीठ संघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धेत राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश येथील विद्यापीठांशी झुंजतो आणि तेथे आघाडीवर राहणाऱ्या संघांना अखिल भारतीय स्पर्धेचे दार उघडते. उतरंड कागदावर निर्दोष आहे. भामरागडच्या मुलाला आणि जयपूरच्या मुलाला एकच शिडी लावून दिली आहे, असे ती पाहून वाटते. प्रत्यक्षात एकाची शिडी अंगणात उभी आहे आणि दुसऱ्याला शिडीच्या पहिल्या पायरीपर्यंत पोहोचण्यासाठीच दोनशे किलोमीटर चालून यावे लागते.

२०११ साली गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाली, तेव्हा या दोन जिल्ह्यांतील जनतेला मोठा दिलासा वाटला होता. त्यापूर्वी येथील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत होती आणि परीक्षेच्या तक्रारीपासून खेळाच्या निवडीपर्यंत प्रत्येक कामासाठी नागपूरची वाट धरावी लागे. विद्यापीठ गडचिरोलीला आले, ही लोकांच्या मागणीची फलश्रुती होय. परंतु विद्यापीठ जवळ आले म्हणून सर्वांनाच जवळ आले असे नाही. १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा साडेचौदा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेला आहे आणि त्याचा सुमारे सत्तर टक्के भाग वनाच्छादित आहे. प्राणहिता-गोदावरीच्या संगमावरील सिरोंचा जिल्ह्याच्या मुख्यालयापासून दोनशे किलोमीटरच्या पल्ल्यावर आहे. साऱ्या जिल्ह्यात चालते रेल्वे स्थानक एकच, वडसा. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो. अशा प्रदेशात 'स्पर्धा अमुक केंद्रावर होईल' असे एका ओळीचे परिपत्रक निघते, तेव्हा त्या एका ओळीत कोणाचा किती दिवसांचा रोज बुडतो, याचा हिशेब परिपत्रक काढणाऱ्याच्या टेबलावर नसतो.

स्पर्धा जर बाद पद्धतीची असेल, तर या अंतराचा अर्थ अधिकच कठोर होतो. आदल्या दिवशी पहाटे निघालेला संघ रात्री मुक्कामाला पोहोचतो, सकाळी नव्वद मिनिटे खेळतो, एका गोलाने हरतो आणि दुपारच्या गाडीने परत निघतो. वर्षभराच्या सरावाची परीक्षा नव्वद मिनिटांत संपते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या संघाला त्याच मैदानावर रोज खेळण्याची सवय असते, घरचे जेवण असते आणि कडेला उभे राहून नावाने हाका मारणारे शेकडो सोबती असतात. दुर्गम भागातून आलेल्या संघामागे उभी असतात ती राखीव खेळाडूंची चार-पाच पोरे आणि एक क्रीडाशिक्षक. त्या संघाचे खरे पाठीराखे मागेच राहिलेले असतात.

हे पाठीराखे कोण, हे आपल्या कार्यकर्त्यांना सांगावयास नको. वसतिगृहातील एका खोलीत राहणारे सोबती, आठवडी बाजारात भेटल्यावर 'पोट्टे, जिंकले का बे?' असे विचारणारे गावकरी, खानावळीतील बाई, ज्या आश्रमशाळेतून मुलगा शिकला तेथील धाकटी मुले. माडिया, गोंडी, झाडीबोली, तेलुगू, बंगाली अशा अनेक भाषांतून त्यांचे प्रेम व्यक्त होते. महाविद्यालयाच्या वर्गात ज्या मुलाची भाषा त्याला मुके करते, त्याचे नाव मैदानाच्या कडेने शंभर कंठांतून त्याच्याच भाषेत घुमते, तेव्हा त्या संस्थेत आपले काही स्थान आहे हे त्याला प्रथमच जाणवते. झाडीपट्टीचा माणूस जातिवंत प्रेक्षक आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत रात्रभर जागून नाटक पाहणारा हा समाज कौतुकात कंजूष नाही आणि रागातही नाही. त्याच्यासमोर खेळण्याची संधी हा खेळाडूचा हक्क आहे आणि आपल्या पोरांना खेळताना पाहणे हा त्याचा हक्क आहे.

प्रेक्षक होणे हा हक्क आहे, हे वाक्य कोणास अतिशयोक्त वाटेल. इतिहास मात्र तसे म्हणत नाही. इंग्लंडमध्ये १८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता संपविणे बंधनकारक केले. ती सवलत मालकांच्या औदार्यातून आलेली नव्हती. तिच्यामागे कामाच्या तासांसाठी झालेल्या दीर्घ लढ्याचा रेटा होता. पुढे इतर कामगारांनाही मिळालेल्या याच शनिवारच्या दुपारीतून फुटबॉलचा कामगार प्रेक्षक जन्मास आला. १८८३ साली विणकर, सूतकताई कामगार आणि नळकाम करणारे खेळाडू असलेल्या ब्लॅकबर्न ऑलिंपिक या संघाने अंतिम सामन्यात ईटनच्या उच्चभ्रू शाळेतील माजी विद्यार्थ्यांचा २-१ असा पराभव करून एफ. ए. चषक जिंकला. फुरसत मिळाली म्हणून प्रेक्षक आला, प्रेक्षक आला म्हणून खेळ श्रमिकांच्या हाती आला.

आपल्याकडेही याचे उदाहरण आहे. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यात मोहन बागानच्या, बहुतांशी अनवाणी खेळणाऱ्या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड पटकावली. त्या दिवशी खेड्यापाड्यांतून माणसे आणण्यासाठी जादा आगगाड्या व आगबोटी सोडाव्या लागल्या. ज्यांना मैदान दिसत नव्हते त्यांच्यासाठी पतंग उडवून गोलसंख्या कळविली गेली. त्याच पूर्व बंगालच्या मातीतून पुढे निर्वासित होऊन आलेली कुटुंबे आज मुलचेरा, चामोर्शी या भागांत वसलेली आहेत. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी साम्राज्याच्या राजवटीत प्रेक्षकांसाठी जादा गाड्या सुटल्या. आज स्वतंत्र भारतात, दुर्गम गावातील पोरांना आपल्या संघाचा निकाल कळावा म्हणून मोबाईलची रेंज शोधीत टेकडी चढावी लागते. पतंगाची जागा टेकडीने घेतली, एवढाच काय तो फरक.

प्रश्न केवळ गाडीभाड्याचा नाही. स्पर्धांचा हंगाम आणि धानकापणीचा हंगाम एकच येतो. ज्या घरात दोन हात कमी झाले तर कापणी अडते, त्या घरचा मुलगा खेळायला गेला तर त्याच्या वाट्याचे काम बापाच्या किंवा बहिणीच्या अंगावर पडते. त्याचा सामना पाहायला घरचे कोणी जाणे तर दूरच. मुलींची स्थिती याहून अवघड आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस. टी. चे भाडे निम्मे झाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु सामना संपल्यावर परतीची बसच नसेल, तर निम्म्या भाड्याचा उपयोग काय? अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचता येणार नाही एवढ्या एका कारणासाठी मुली संघातून गळतात आणि त्यांच्या मैत्रिणी प्रेक्षकांतून गळतात. मग अहवालात लिहिले जाते की मुलींचा प्रतिसाद अल्प होता.

आता मैदानाचा विचार करू. फुटबॉल हा गरिबाचा खेळ आहे, एका चेंडूवर बावीस जण खेळतात, असे आपण म्हणतो. ते खरे आहे, मात्र त्याला जमीन लागते. १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद असे पूर्ण मापाचे मैदान पाऊण हेक्टरहूनही कमी जागेत बसते. तथापि जेथे गावाच्या वेशीपासूनच वनखात्याची हद्द सुरू होते, तेथे एवढी सपाट मोकळी जमीन आणायची कोठून? २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये ग्रामसभेच्या शिफारशीने प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ज्या तेरा सार्वजनिक सोयींसाठी देता येते, त्यांत शाळा आहे, दवाखाना आहे, अंगणवाडी आहे, रस्ता आहे, समाजमंदिर आहे. खेळाचे मैदान नाही. त्यातच २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातील झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमिनीच ठरविल्यामुळे गावांच्या सार्वजनिक वापराच्या जागांचा प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. वने राखली पाहिजेत याविषयी आमचे दुमत नाही. मेंढा (लेखा) सारख्या गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून, वन कसे राखावे हे सरकारलाच शिकविले. परंतु सूरजागडच्या डोंगरावर लोहखनिजासाठी सुमारे ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा देता येतो आणि गावच्या पोरांसाठी पाऊण हेक्टराची तजवीज कायद्यात सापडत नाही, ही विसंगती ज्यांना टोचत नाही त्यांनी विकासाची भाषा बोलू नये.

सार्वजनिक व्यवस्थेने मोकळी सोडलेली जागा रिकामी राहत नाही. गडचिरोलीचे पोलीस दल आदिवासी युवकांसाठी कबड्डी व व्हॉलीबॉलच्या स्पर्धा भरविते. पोरांना खेळायला मिळते याबद्दल आम्ही नाक मुरडणार नाही. पण बंदुकांच्या दोन टोकांमध्ये दशकानुदशके चिरडल्या गेलेल्या या प्रदेशात, खेळासारखी निखळ नागरी गोष्ट नागरी संस्थांनी करावयाची असते, हे विसरता कामा नये. दुसरीकडे ठेकेदार आणि उमेदवार रोख बक्षिसांचे फलक घेऊन उभेच आहेत. त्यांना खेळाडू हवा असतो तो फलकाखाली आणि प्रेक्षक हवा असतो तो मतदारयादीत. मैदानाभोवतीची गर्दी कोणाच्या तरी मालकीची होण्याआधी ती स्वतःची झाली पाहिजे.

यास्तव आमच्या काही साध्या मागण्या आहेत. पहिली, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची प्राथमिक फेरी एका केंद्रावर बाद पद्धतीने न घेता, शेजारच्या तालुक्यांचे गट पाडून साखळी पद्धतीने घ्यावी, म्हणजे प्रत्येक संघाला किमान तीन सामने आणि त्यांतील निदान एक आपल्या लोकांसमोर खेळता येईल. दुसरी, वेळापत्रक शैक्षणिक वर्षाच्या आरंभीच जाहीर करून कापणीचे आठवडे त्यातून वगळावेत. तिसरी, सामन्याच्या दिवशी परतीच्या एस. टी. ची सोय आगाऊ ठरवावी. चौथी, विद्यार्थ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या क्रीडा शुल्काचा जमाखर्च दरवर्षी महाविद्यालयाच्या फलकावर लावावा. आणि पाचवी, वनहक्क कायद्यातील सोयींच्या यादीत मैदानाचा समावेश करावा. तोवर शाळेसाठी जमीन देताना तिचे मैदान हा शाळेचाच भाग मानावा.

यावर आक्षेप येईल की साखळी पद्धतीस खर्च अधिक लागतो. हे काही अंशी खरे आहे. सामने वाढले की पंच वाढतात आणि दिवसही वाढतात. परंतु शेजारच्या तालुक्यात सकाळी जाऊन सायंकाळी परत येणाऱ्या संघाचा मुक्कामाचा खर्च वाचतो, हेही त्याच हिशेबात धरावे लागेल. शिवाय अधिक मोठा आक्षेप असा, की यामुळे गुणवत्तेची निवड लांबते. आमचा अनुभव उलट सांगतो. बुजलेल्या मुलाचा खेळ पहिल्या सामन्यात दिसत नाही, तिसऱ्या सामन्यात दिसतो. एकाच सामन्यावर निवड करणारी पद्धत सरावलेल्याला निवडते, गुणवंताला निवडतेच असे नाही.

शेवटी थोडे आपल्याविषयी. १९४१ साली एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली, तेव्हा शाखेवरील खेळ हा त्या कामाचा कणा होता. एका रिंगणात ब्राह्मणाचा आणि महाराचा मुलगा हातात हात धरून उभा राहिला, ही गोष्ट शंभर व्याख्यानांनी साधली नसती. पुढे आपण सभा, ठराव आणि निवडणुका यांत गुंतलो आणि मैदान इतरांस सोडून दिले. तरुण आपल्याकडे येत नाहीत अशी तक्रार आपण करतो. तरुण जेथे आहेत तेथे आपण किती वेळा जातो, हा प्रश्न मात्र स्वतःस विचारीत नाही.

येत्या हंगामात आपल्या तालुक्यातील महाविद्यालयाचा संघ कोठे व केव्हा खेळणार आहे, याची चौकशी प्रत्येक शाखेने करावी. झेंडा न घेता, बिल्ला न लावता सामन्यास जावे. ज्यांना भाडे परवडत नाही अशा पाच-दहा जणांना बरोबर न्यावे आणि संघ हरून परतला तर त्याला उतरवून घ्यायला बसथांब्यावर थांबावे. जिंकलेल्या संघाचे स्वागत करायला पुष्कळ जण येतात. हरलेल्या पोरांसाठी रात्री दहा वाजता बसथांब्यावर कोण उभे होते, हे ती पोरे जन्मभर विसरत नाहीत.